शुश्रूषेतली बाप्यामाणसं

प्रोस्टेट किंवा मूत्राशयाचा कर्करोग झालेल्या माणसाच्या घरी खरी धावपळ निदानाच्या दिवशी होत नाही. ती होते पुढे कधीतरी, रात्री दीड-दोनला, लघवी अडते तेव्हा. नळी टाकलेली आहे, पिशवी खाटेला अडकवलेली आहे, पण संध्याकाळपासून तिच्यात थेंब पडलेला नाही. ओटीपोट टणक झालंय, नळीच्या कडेने पांघरूण ओलं होतंय, आणि म्हातारा माणूस दात आवळून म्हणतोय, "मले काई होत नाई, सकाळी पाहू." सकाळपर्यंत थांबता येत नाही. वर्धा जिल्ह्याच्या टोकाला असलेल्या आष्टीत तेव्हा घरच्यांपुढे एकच प्रश्न असतो : आता जाचं कुठं? गावात ग्रामीण रुग्णालय आहे, पण रक्ताच्या गाठींनी तुंबलेलं मूत्राशय धुऊन काढणारा मूत्रविकारतज्ज्ञ असा गावोगाव नसतो. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आर्वीमार्गे ऐंशी किलोमीटरच्या आसपास, सावंगी मेघेचं आचार्य विनोबा भावे रुग्णालयही तिकडेच. नागपूर शंभराच्या पुढे. 108 ची गाडी येते, कधी लवकर, कधी उशिरा.

या अवघड रात्रींपैकी काही टाळता येतात. नळी पायाखाली दबलीय का, पिळवटलीय का, पिशवी मूत्राशयाच्या पातळीपेक्षा वर तर नाही ना, दुपारपासून लघवी लाल होत होती का, पाणी कमी प्यायलं गेलं का, एवढं पाहायला डॉक्टर लागत नाही. पिशवी दोन-तृतीयांश भरली की रिकामी करायची, तिचं तोंड जमिनीला टेकू द्यायचं नाही, नळीला हात लावण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवायचे. आणखी एक बारीक गोष्ट आहे, जी सुट्टीच्या कागदावर क्वचितच लिहिलेली असते. शिश्नाचं टोक स्वच्छ करण्यासाठी त्वचा मागे सारली, तर पुसून झाल्यावर ती आठवणीने पुन्हा पुढे आणायची. ती मागेच राहिली तर सूज चढते, रक्तपुरवठा अडतो आणि त्यासाठी पुन्हा रुग्णालय गाठावं लागतं. ज्याला हे दाखवलेलं नसतं त्याचा यात काही दोष नसतो.

दाखवायचं कोणाला, तिथेच खरी अडचण आहे. आजारी माणूस सत्तरीचा. बायको पासष्टीची, तिचे गुडघे धरलेले, रात्रीचं नीट दिसत नाही. घरात सून आहे, हुशार आहे, वॉर्डातली नर्स काय सांगतेय ते तिला चटकन कळतं. पण जिने उभ्या आयुष्यात सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, तिने त्याची नळी कशी धुवायची? तिला नाही चालत, त्याला त्याहून नाही चालत. मुलगा बाहेर बाकावर औषधाच्या चिठ्ठ्या सांभाळत बसलेला असतो. पैसे आणणं, गाडी सांगणं, महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे कागद गोळा करणं ही कामं तो मनापासून करतो. बापाच्या अंगाला हात लावायचं काम मात्र आपलं आहे, असं त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

देशभरातही चित्र असंच आहे. 2019 च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणात दिवसभरात घरातल्या माणसांची विनामोबदला देखभाल करणाऱ्या स्त्रिया 27.6 टक्के आढळल्या, पुरुष 14 टक्के. यात मुलांचं करणंही आलं. आजारी बापाची लघवीची नळी सांभाळणाऱ्या पुरुषांचा वेगळा आकडा काढला तर तो किती भरेल, याचा अंदाज प्रत्येकाने आपल्या घरावरून करावा. बाकी कुठल्याही आजारात ही विषमता अन्याय म्हणून सोसली जाते. या आजारात ती थेट रुग्णाच्या जिवावर येते, कारण जिच्यावर काम टाकलं जातं तिला ते लाजेपोटी करताच येत नाही, आणि ज्याला करता येईल तो शिकलेला नसतो.

लाज ही काही खेड्यापाड्याचीच मक्तेदारी नाही. अमेरिकेचे तेव्हाचे संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन यांच्यावर 22 डिसेंबर 2023 रोजी प्रोस्टेटच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. 1 जानेवारीला गुंतागुंत झाली : मूत्रमार्गात संसर्ग आणि पोटात साचलेलं पाणी. रुग्णवाहिका बोलावताना त्यांच्या सहायकाने विनंती केली, की दिवे लावू नका, भोंगा वाजवू नका. जगातल्या सर्वांत बलाढ्य सैन्याचा कारभार पाहणारा हा माणूस अतिदक्षता विभागात होता आणि राष्ट्राध्यक्षांना काही दिवस त्याचा पत्ताच नव्हता. कर्करोग असल्याचं तर त्यांना 9 जानेवारीला कळलं. ऑस्टिन यांनी पुढे जाहीर माफी मागितली. त्याआधीचं उदाहरण फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष फ्रान्स्वा मितराँ यांचं. 1981 मध्ये निवडून आल्यावर काही महिन्यांतच त्यांचा प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत पसरल्याचं कळलं, आणि 1992 पर्यंत कर्करोगाची गोष्टच देशापासून लपवून ठेवण्यात आली. एवढी मोठी माणसं बोलत नाहीत, तिथे आष्टी तालुक्यातल्या संत्राउत्पादकाने "कोनाले सांगू नोको" म्हटलं तर त्याच्यावर कोण रागावणार? पण त्या एका वाक्याची किंमत घर मोजतं. शेजाऱ्याची गाडी मागायची तर कारण सांगावं लागतं. कारण सांगायचं नाही म्हणून गाडी मागितली जात नाही.

काही गुंतागुंती अशा असतात, की घरच्यांना त्या आजार म्हणून ओळखूच येत नाहीत. वाढलेली गाठ मूत्रवाहिन्या दाबते, मूत्रपिंडात लघवी तुंबते आणि रक्तातलं क्रिएटिनिन चढत जातं. माणूस जेवणावरून उठतो, त्याला उचक्या लागतात, मळमळतं, दिवसभर झापड येते, बोललेलं त्याला समजत नाही. घरचे म्हणतात, बाबांनी अन्न सोडलं, बाबांनी मनात घेतलं. ज्या जिल्ह्यात विनोबांनी 1982 मध्ये पवनारला अन्नपाणी आणि औषध सोडून शांतपणे देह ठेवला, तिथे ही समजूत सहज पटते. पण तुंबलेल्या मूत्रपिंडाचा माणूस काही ठरवून जेवण सोडत नाही. त्याच्या रक्तात विष साचलेलं असतं. अशा वेळी आत बारीक स्टेंट घालून किंवा पाठीतून मूत्रपिंडात नळी बसवून लघवीला वाट करून दिली, तर पुष्कळदा तो चार-सहा दिवसांत पुन्हा घरच्यांना नावाने हाका मारू लागतो. आजार फार पुढे गेला असेल तर ही नळी बसवायची की नाही, हाही प्रश्न असतो. त्याचं उत्तर डॉक्टर, रुग्ण आणि घरचे यांनी एकत्र बसून शोधायचं. न ओळखल्यामुळे ते आपोआप ठरून जाऊ नये, एवढंच.

दुसरी गोष्ट कण्याची. प्रोस्टेटचा कर्करोग पसरतो तो बहुतेक हाडांत, त्यातही कमरेच्या आणि पाठीच्या मणक्यांत. ज्याचं आयुष्य बागेत आणि कपाशीत वाकण्यात गेलं, त्याची पाठ दुखली तर नवल कोणाला वाटणार? मलम चोळलं जातं, शेक दिला जातो. पण आडवं झाल्यावर वाढणारी, रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी, त्यात पाय जड पडणं, चालताना लटपटणं, बसण्याच्या जागेची संवेदना जाणं, ही मज्जारज्जू दबत असल्याची खूण असते. इथे हिशेब तासांचा असतो. पायात ताकद असताना रुग्णालयात पोचलेला माणूस स्टेरॉइड आणि रेडिएशननंतर बहुधा चालत राहतो. पाय पूर्ण गेल्यावर पोचलेला क्वचितच पुन्हा उभा राहतो. त्यानंतरचे सगळे महिने कूस बदलण्याचे आणि शय्याव्रण धुण्याचे. प्रोस्टेटचा रुग्ण असलेल्या प्रत्येक घराला ही एवढी खूण पाठ असायलाच हवी.

उपचारही घरात प्रश्न घेऊन येतात. प्रोस्टेटची गाठ पुरुषी संप्रेरकावर पोसते, हे चार्ल्स हगिन्स यांनी 1941 मध्ये दाखवलं आणि 1966 मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. त्यावर आज मुख्य उपाय दोन : वृषण काढून टाकणं, किंवा ते संप्रेरक थांबवणारी इंजेक्शनं. पहिला एकदाच होतो आणि स्वस्त पडतो. दुसरा महिन्या-तीन महिन्यांनी आयुष्यभर. शेतकरी कुटुंबात निर्णय बहुधा पैशावर होतो, आणि तो ज्याच्या शरीराबद्दल आहे त्याला पुरतं समजावून न सांगताच होतो. नंतर अंगातून गरम वाफा येतात, छाती भरते, स्नायू उतरतात, मन हळवं होतं. कडक म्हणून ओळखला जाणारा माणूस बारीकसारीक गोष्टींवरून रडू लागतो आणि घर बावचळतं. हे औषधाचं काम आहे, माणूस खचलेला नाही, हे कोणी आधी सांगितलं असतं तर बायको-मुलांना त्याच्याजवळ बसणं सोपं गेलं असतं.

मूत्राशयाच्या कर्करोगाची वाट वेगळी. त्याचं सर्वांत मोठं कारण धूम्रपान, आणि पहिली खूण म्हणजे न दुखता लघवीतून जाणारं रक्त. न दुखल्यामुळेच लोक थांबतात. गाठ वरवरची असेल तर ती दुर्बिणीतून खरवडून काढतात आणि मग पुष्कळदा मूत्राशयात बीसीजी सोडतात. आपल्या दंडावर लहानपणी जिचा वण राहिला तीच ही क्षयाची लस. 1976 मध्ये अल्वारो मोरालेस यांनी मूत्राशयात तिचा उपयोग होतो हे दाखवून दिलं. आठवड्याला एक असे सुरुवातीला सहा डोस, दर वेळी सुमारे दोन तास लघवी धरून ठेवायची. घरी आल्यावर सहा तास संडासात बसूनच लघवी करायची आणि ब्लीचिंगचं पाणी टाकून मगच ती धुवायची, कारण लसीतले जंतू जिवंत असतात. चढून न उतरणारा ताप आला तर लगेच कळवायचं. सहा आठवडे सहा खेपा म्हणजे तळेगावच्या फाट्यावर एसटीची वाट पाहणं आलं, मजुरी बुडणं आलं. चौथ्या खेपेला पावसाने घात केला किंवा संत्र्याचा व्यापारी बाग पाहायला त्याच दिवशी आला, की डोस चुकतो.

गाठ खोल गेली असेल तर मूत्राशयच काढावं लागतं. मग आतड्याचा एक तुकडा वापरून पोटावर लघवीचं तोंड काढतात. यूजीन ब्रिकर यांनी 1950 मध्ये रूढ केलेली ही पद्धत आजही चालते. पोटावर लालसर ओलसर तोंड, त्यावर चिकटवलेली पिशवी. लघवीत पांढरे धागे दिसले की घर घाबरतं, पू झाला म्हणून. तो आतड्याचा नेहमीचा बुळबुळीत स्राव असतो. कातडी लाल होऊन सोलवटली तर मात्र पिशवीची चकती मापाने कापलेली नसते, आणि लघवी कातडीवर झिरपत असते. चकतीचं भोक तोंडाच्या कडेपासून जेमतेम दोन मिलिमीटर मोठं हवं. वॉर्डातून घरी निघण्याआधी मुलाने हे स्वतःच्या हाताने दोनदा कापून दाखवलं, की निम्मी काळजी मिटते. शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन जनआरोग्य योजनेत बसतात. घरी लागणाऱ्या पिशव्या, हातमोजे, पट्ट्या यांचा खर्च सहसा घरचाच.

पुरुषाने पुरुषाची शुश्रूषा करण्याचं उदाहरण शोधायला या जिल्ह्याला लांब जायची गरज नाही. 1939 मध्ये कुष्ठरोगाने ग्रासलेले संस्कृत पंडित परचुरे शास्त्री सेवाग्रामला आले. त्यांना आश्रमात ठेवून घ्यावं की नाही यावर गांधींनीही विचार केला, आणि मग जवळच कुटी बांधून दिली. सत्तरी गाठलेले गांधी त्यांच्या जखमा पाहत, अंगाला मालिश करत. त्या काळातली छायाचित्रं आजही उपलब्ध आहेत. या सगळ्यातली महत्त्वाची गोष्ट ही, की गांधींनी हे काम कस्तुरबांवर किंवा आश्रमातल्या दुसऱ्या कोणा स्त्रीवर सोपवलं नाही.

आष्टीची स्वतःचीही शिदोरी आहे. 16 ऑगस्ट 1942, नागपंचमीचा दिवस, पोलीस ठाण्यावर चाल करून गेलेले लोक आणि गोळीबार. आष्टी आणि चिमूर ही नावं तेव्हापासून जोडीनेच घेतली जातात. त्या माणसांना तयार केलं होतं तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने आणि भजनांनी. वर्धा नदी ओलांडली की पलीकडे अमरावती जिल्ह्यात गुरुकुंज मोझरी. 11 ऑक्टोबर 1968 रोजी महाराज तिथे गेले, कर्करोगानेच. नागपूरच्या कर्करोग रुग्णालयाला त्यांचं नाव आहे. आणि या पट्ट्यातल्या गावागावांत महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची माणसं आहेत. ती संध्याकाळी सामुदायिक प्रार्थनेला एकत्र बसतात, झाडू घेऊन गाव झाडतात, मयतीला आधी पोचतात. बहुतेक पुरुष. शुश्रूषा शिकवण्यासाठी तयार माणसं इथे शोधावी लागत नाहीत, फक्त त्यांच्या कामाच्या यादीत एक काम वाढवावं लागेल.

हे अशक्य नाही, केरळने करून दाखवलं आहे. 1993 मध्ये कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमनाचं एक छोटं केंद्र सुरू केलं. त्यातून गावोगावच्या स्वयंसेवकांचं जाळं उभं राहिलं : प्रशिक्षित नर्स घरी येते, सोबत गावातलेच दोघं-तिघं, अंघोळ घालायला, नळी पाहायला, नुसतं बोलायलाही. 2008 मध्ये केरळ सरकारने परिहार सेवेचं (पॅलिएटिव्ह केअरचं) धोरणच केलं. त्यामागे पैसा होता, पण त्याआधी माणसं होती. वेदनेचंही तसंच. हाडांच्या तीव्र दुखण्यावर मॉर्फिनची गोळी हे स्वस्त आणि गुणकारी औषध आहे. 1985 च्या अमली पदार्थ कायद्याने ती दुकानांतून आणि रुग्णालयांतून जवळजवळ हद्दपार केली. 2014 च्या दुरुस्तीने वाट मोकळी केली, तरी ती गोळी तालुक्यापर्यंत अजून सहजी पोचत नाही. कोणीतरी मागणी लावून धरल्याशिवाय ती पोचणारही नाही.

आष्टी, आर्वी, कारंजा या तीन तालुक्यांतल्या दहा-दहा बाप्यामाणसांना सेवाग्राम किंवा सावंगीच्या वॉर्डात आठवडाभर ठेवलं, तर काय शिकवायचं हे स्पष्ट आहे : नळीची स्वच्छता, पिशवी बदलणं, लाल लघवी केव्हा चालेल आणि केव्हा नाही, पाठदुखीची खूण, झापड आणि उचकीचा अर्थ, मॉर्फिनसोबत पोट साफ होण्याचं औषध देणं. गावात एका घरी हातमोजे, पिशव्या आणि वॉर्डाचा फोन नंबर असलेली पेटी. ग्रामपंचायतीच्या खर्चात हे बसतं, आशाताईंना सोबत घेता येतं. आणि ज्या घरात मुलाने बापाचं सगळं स्वतःच्या हाताने केलं असेल, त्या मुलाला तेरावं झाल्यावर, दुःख जरा बसलं की, विचारायला जावं : पलीकडच्या आळीत एका काकांना परवा नळी टाकली आहे, तू येशील का दाखवायला?