लोक काय म्हणतील?

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



गोष्ट मागच्या चैत्रातली. आपल्या इंदूरच्या केंद्रात चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. पन्हं, कैरीची डाळ, ओटीला भिजवलेले हरभरे, सगळी तयारी जोरात. आम्ही सेवेकरी भगिनी दारात उभ्या राहून येणाऱ्या प्रत्येकीला हळदीकुंकू लावत होतो. आणि आपल्या एक ताई, ज्या कितीतरी वर्षं गुरुवारच्या आरतीच्या वाती वळतात, त्या आत पन्हं गाळत बसल्या होत्या. यजमान गेल्यानंतरचा त्यांचा तो पहिलाच चैत्र. "आत बसा" असं त्यांना कोणी म्हटलं नव्हतं. पण "बाहेर या" असंही आमच्यापैकी एकीनेही म्हटलं नाही.

रात्री आमचे एकमेकींना फोन झाले. प्रत्येकीला तेच टोचत होतं. मग बोलावलं का नाही? उत्तर एकच निघालं : लोक काय म्हणतील!

दर गुरुवारी आपण हात जोडून म्हणतो, महाराज, सगळं तुमच्या चरणी वाहिलं. खरंच वाहिलं का हो? एक गाठोडं आपण हळूच मागे ठेवतो, ते या "लोकांचं".

अशा वेळी शिऊरच्या संत बहिणाबाई आठवतात. जन्म १६२८ चा. लहानपणीच लग्न झालं, तेही वयाने खूप मोठ्या बिजवराशी. कोल्हापुरात असताना तुकोबांचे अभंग कानी पडले आणि मनाने ठरवलं, गुरू हेच. ब्राह्मणाघरच्या बाईने तुकोबांना गुरू मानायचं, हे त्या काळात घरीही चालणारं नव्हतं आणि दारीही. पतीने मारहाण केली. (मार सोसणं म्हणजे भक्ती नव्हे, हे आजच्या मुलींना आपण स्पष्ट सांगायला हवं.) तरी गुरू बदलला नाही. पुढे पतीचंच मन पालटलं, दोघं देहूला गेले. तिथे मंबाजीचा जाच झाला, तोही सोसला. हे सगळं त्यांनी स्वतःच आपल्या अभंगांत सांगून ठेवलं आहे.

लक्षात घ्या, बहिणाबाई रूढी मोडायला निघाल्या नव्हत्या. त्या गुरूकडे निघाल्या होत्या. वाटेत रूढी आडवी आली, तेव्हा त्या थांबल्या नाहीत, इतकंच. आपली कसोटीही हीच असावी. चार जणांत उठून दिसायला जगावेगळं वागलो तर तो अहंकार. पण आपल्या गप्प राहण्याने कोणाचं मन दुखावत असेल, तर लोकांना दुखावण्याची तयारी हवी. ती सेवाच आहे.

आणि आता तर आपण एकटेही नाही. त्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. एक लहानसं गाव हे करू शकतं, तर आपण तर गुरूंची लेकरं!

या वर्षी आम्ही ताईंच्या घरी गेलो. आधी माफी मागितली, मग विचारलं, तुम्हाला काय आवडेल? त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "कुंकवाचं राहू दे गं. पण गौरीची आरास दरवर्षी मी करायचे, तेवढी करू द्याल?" आमचे डोळे भरून आले. आम्ही कुंकवाचा करंडा घेऊन गेलो होतो, त्यांना आपली जागा परत हवी होती. म्हणून आधी विचारावं. नाहीतर जुन्या रूढीच्या जागी आपलीच नवी जबरदस्ती सुरू होते.

तेव्हा यंदा आरास ताईच करतील आणि पहिली ओटी गौरीपुढे बसून त्यांचीच भरली जाईल. एक-दोन ज्येष्ठ काकूंना हे अजून पटलेलं नाही. त्यांच्याशी वाद नको. त्यांनाही तितक्याच प्रेमाने बोलावू या. (हे सगळं ताईंना विचारूनच लिहिलं आहे.)

या आठवड्याचा संकल्प : आपल्या घरात, नात्यात, शेजारी अशी कोण आत बसली आहे, ते पाहू या. तिला जाऊन विचारू या.

लोक दोन दिवस बोलतील. महाराज मात्र रोज पाहत आहेत.

॥ श्री सद्गुरुचरणार्पणमस्तु ॥