उपदेशकाचा सोमवार

गणेशोत्सवासाठी आमचं मंडळ एका चर्चचा हॉल भाड्याने घेतं. दोन वर्षांपूर्वी रविवारी दुपारी मी किल्ली परत करायला गेलो, तेव्हा तिथले पास्टर रिकाम्या बाकावर बूट काढून बसले होते. मी सवयीने म्हटलं, "दोनच मिनिटं, पुढच्या वर्षीच्या तारखांबद्दल बोलायचं होतं." ते हसून म्हणाले, "मंगळवारी फोन करा. आज माझ्यात काही शिल्लक नाही, आणि उद्या माझी सुट्टी असते."

खरं सांगतो, मला राग आला. आठवड्यातून एकदा अर्धा तास बोलायचं, त्याचा एवढा थकवा?

पुढे ओळख वाढली तेव्हा कळलं. प्रवचनानंतर दारात उभं राहून ते सगळ्यांशी हस्तांदोलन करतात. कुणाचा घटस्फोट, कुणाचा कॅन्सर, तिथेच कानावर येतो. पन्नास जण "छान झालं" म्हणतात, एक जण नाक मुरडतो. रात्री आठवतो तो एकच. म्हणून रविवारी दुपारी झोप आणि सोमवारी बागकाम. ई-मेल नाही, स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकणं नाही. "आणि राजीनाम्याचा विचार सोमवारी कधीच करायचा नाही," ते डोळे मिचकावत म्हणाले.

हा थकवा काही नवा नाही. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये चार्ल्स स्पर्जन यांची प्रवचनं ऐकायला हजारो लोक जमत. त्यांना खोल नैराश्याचे झटके येत. आपल्या विद्यार्थ्यांना त्यांनी हे न लपवता सांगितलं आणि विश्रांती म्हणजे वेळ वाया घालवणं नव्हे, हेही शिकवलं. उत्तरायुष्यात ते हिवाळ्यात फ्रान्समधल्या मांतों इथे जात; 1892 मध्ये तिथेच वारले.

बायबलमधला एलीया संदेष्टा तर कर्मेल डोंगरावरच्या विजयानंतर रानात पळतो, झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. झोपू देतो, उठवून भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो.

पण लोकांची दुःखं संपलेली नसताना झोपायचा अधिकार कुणाला? मी पास्टरना हे विचारलंच. ते म्हणाले, "कुणी गेलं तर मी सोमवारीही जातो. बाकीचे फोन दुसरे लोक घेतात. माझ्यावाचून एक दिवसही चालत नसेल, तर मी देवाबद्दल नाही, माझ्याबद्दलच प्रवचन देतोय."

हे मला लागलं. फळाची आसक्ती सोडावी हे आपण लहानपणापासून घोकतो. पण प्रोजेक्ट लाइव्ह झाल्यावर मी आठवडाभर लॅपटॉपला चिकटून असतो. त्याला मी कर्तव्य म्हणत आलो. त्यात अहंकार किती होता? मुलगी हल्ली शाळेतलं काही सांगत नाही. "बाबा, तू बिझी असतोस," एवढंच म्हणते.

आमच्या गावच्या कीर्तनात पूर्वरंग संपला की बुवांना बुक्का लावून हार घालत. बुवा जरा टेकत, पाणी पीत. तोवर नामाचा गजर श्रोत्यांनी चालू ठेवायचा. बोलणाऱ्याला विश्रांती देणं हे ऐकणाऱ्यांचंही काम आहे, हे त्या देवळात कुणी समजावून सांगितलं नव्हतं. सगळ्यांना ते ठाऊकच होतं.

गेल्या वर्षी किल्ली मी चर्चच्या टपालपेटीत टाकली आणि तारखांसाठी मंगळवारी फोन केला. सोमवारी मीही रजा घेतली होती. मुलगी शाळेतून आली तेव्हा घरी होतो. ती फार काही बोलली नाही, पण बराच वेळ शेजारी बसून राहिली.