पावलांचे मोल आणि पाण्याचा हक्क

वाचकहो, इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या एका कोकणी मुस्लिम कुटुंबातील तरुणाने मध्यंतरी मला एक प्रश्न विचारला. तिकडे थेम्स नदीच्या उगमापासून लंडनपर्यंत काठाकाठाने एक पायवाट जाते. सुमारे ३०० किलोमीटर लांबीची ही वाट १९९६ साली राष्ट्रीय पदमार्ग म्हणून खुली झाली. ती तो दोन आठवड्यांत चालून जाणार होता. त्याच्या चालण्याच्या निमित्ताने नातलग, शेजारी व सहकाऱ्यांनी यथाशक्ती रक्कम द्यायची आणि जिथे पिण्याचे शुद्ध पाणी नाही अशा वस्त्यांसाठी ती पाठवायची, असा संकल्प होता. त्याने विचारले, "मौलाना, पैसे तर लोक देणार. मग माझ्या चालण्याला अल्लाहजवळ काही मोल आहे का?"

देह जितका झिजेल तितके पुण्य वाढेल, ही समजूत फार जुनी आहे आणि आपल्याही मनात ती कुठेतरी दडलेली असते. हदीसमध्ये एका वृद्धाचा प्रसंग आला आहे. दोन मुलांच्या खांद्यांचा आधार घेऊन तो कसाबसा चालत होता. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी चौकशी केली, तेव्हा कळले की काबागृहापर्यंत पायी जाण्याचा त्याने नवस केला आहे. या माणसाने स्वतःला यातना द्याव्यात याची अल्लाहला गरज नाही, असे सांगून प्रेषितांनी (स.) त्याला वाहनावर बसण्याची आज्ञा केली. दुसरीकडे, नमाजसाठी टाकलेले प्रत्येक पाऊल सदका आहे, हीदेखील त्यांचीच शिकवण आहे. दोन्ही हदीसी बुखारी आणि मुस्लिम या संग्रहांत आहेत. पाऊल तेच असते. ते कशासाठी उचलले गेले, यावर त्याचे मोल ठरते.

म्हणून त्या तरुणाला मी कळवले की पायाला आलेल्या फोडांचा सवाब मागू नकोस. तुझ्या चालण्याने ज्यांचे हात खिशाकडे वळले, त्यांच्या सत्कर्मात तुझा वाटा आहे. भल्या कामाचा मार्ग दाखवणाऱ्याला ते करणाऱ्याइतकेच पुण्य मिळते, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे.

मात्र येथे एक धोका संभवतो. अशा पदयात्रेचा बोलबाला केल्याशिवाय पैसे जमत नाहीत, आणि बोलबाला झाला की 'रिया', म्हणजे दिखाऊपणा, मागोमाग येतो. पवित्र कुरआनने उघडपणे दिलेल्या दानाला चांगलेच म्हटले आहे. गुपचूप दिलेले दान अधिक चांगले म्हटले आहे. तेव्हा प्रसिद्धी निषिद्ध नाही, पण तिच्यावर पहारा हवा. चालणाऱ्याने रात्री स्वतःला विचारावे : आज मी कोणाचा विचार अधिक केला, तहानलेल्यांचा की छायाचित्रातील स्वतःचा?

याहून मोठा प्रश्न पुढेच आहे. या तरुणाची दादी आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातली. या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तरी एप्रिल-मेमध्ये डोंगरावरच्या कित्येक वाड्यांतील विहिरी तळ गाठतात. दादीने उभे तारुण्य डोक्यावर हंडा, काखेत कळशी घेऊन चढ-उतार करण्यात घालवले. त्या पावलांचा हिशेब कोणी ठेवला नाही, त्यांच्यासाठी कोणी एक रुपया दिला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीनुसार २०२२ साली जगात सुमारे २२० कोटी लोकांना सुरक्षित व्यवस्थेतून येणारे पिण्याचे पाणी उपलब्ध नव्हते. आणि घरात पाणी नसलेल्या दहापैकी सात कुटुंबांत ते आणण्याचा भार मुख्यतः स्त्रिया व मुलींवर होता. नातू हौसेने चालतो, दादी नाइलाजाने चालली. नातवाचे चालणे तेव्हाच सार्थ, जेव्हा त्यामुळे एखाद्या दादीचे चालणे थांबते.

ते केवळ देणग्यांनी थांबेल काय? ज्या थेम्सच्या काठाने तो जाणार होता, तिचाच इतिहास पाहा. एकोणिसाव्या शतकात लंडनची घाण या नदीत मिसळत असे आणि तिचेच पाणी लोक पीत. पटकीच्या साथींनी हजारो बळी घेतले. १८५८च्या उन्हाळ्यात दुर्गंधी नदीकाठच्या संसदेला असह्य झाली, तेव्हा त्याच वर्षी कायदा झाला आणि अभियंता जोसेफ बॅझलजेट यांनी भुयारी गटारांचे जाळे उभारले. गरिबांच्या मरणाने जे झाले नाही, ते सत्ताधीशांच्या नाकाने घडवून आणले. तिथे काम सार्वजनिक पैशाने झाले, दानाने नव्हे. पाणी, चारा आणि अग्नी यांत सर्वांची भागीदारी आहे, असे प्रेषितांनी (स.) शिकवले. जे भागीदारीचे आहे ते देताना आपण उपकार करत नाही. अडकलेला हक्क मोकळा करतो.

मदीनेत रूमा नावाची गोड्या पाण्याची विहीर होती, पण तिचे पाणी विकत घ्यावे लागे. ती विकत घेऊन सर्वांसाठी खुली करणाऱ्याला प्रेषितांनी (स.) स्वर्गाची शुभवार्ता दिली, अट एवढीच की त्याची बादली इतरांच्या बादल्यांसारखीच असेल. हजरत उस्मान (र.) यांनी ती घेतली व वक्फ केली. पैसा त्यांचा, तरी विहिरीवर त्यांचा हक्क इतरांएवढाच राहिला.

त्या तरुणाला मी शेवटी एवढेच लिहिले : चाल, पण आधी स्वतःच्या कमाईतून काही दे. ज्या गावात विहीर होईल तिथले लोक तिची दुरुस्ती स्वतः करू शकतील ना, हे विचारून घे. आणि परतल्यावर दादीच्या वाडीवर नळ पोहोचला का, हेही ग्रामपंचायतीला विचार. वाचकहो, यातले शेवटचे काम करण्यासाठी तुम्हा-आम्हाला थेम्सपर्यंत जाण्याची गरज नाही.

अल्लाह आपल्या पावलांना योग्य दिशा देवो आणि आपली बादली इतरांच्या बादलीबरोबर ठेवण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.