भोगवर्धनाचे दान

जालना जिल्ह्यातले भोकरदन केळणा नदीच्या काठी वसलेले आहे. सातवाहनांच्या काळी त्याचे नाव भोगवर्धन होते, आणि पैठणहून अजिंठ्याच्या डोंगराकडे व तिथून उज्जयिनीला जाणाऱ्या व्यापारी मार्गावरचे ते एक नांदते नगर होते. गोदावरीच्या तीरावर राहणाऱ्या बावरी नावाच्या आचार्यांचे शिष्य तथागतांच्या दर्शनाला निघाले तेव्हा प्रतिष्ठान (पैठण), माहिष्मती, उज्जयिनी, विदिशा अशी वाट त्यांनी धरली, असे सुत्तनिपातात आले आहे. त्या वाटेवरच्या विदिशेपासून हाकेच्या अंतरावर सांचीची टेकडी आहे. तिथल्या स्तूपांच्या परिसरात जे शेकडो दानलेख कोरलेले आहेत, त्यांत भोगवर्धनाच्या दात्यांचेही लेख आहेत. लेख ओळभराचे आहेत. कुणाचे, कुठल्या गावचे, एवढे सांगून झाले की शेवटी एकच शब्द येतो: दान. वाचकहो, या एका शब्दापाशी आज आपण थोडे थांबू.

सांचीला जाणारा यात्रिक बहुधा तोरणांपाशी रेंगाळतो, आणि ते योग्यच आहे, कारण तशी तोरणे अन्यत्र नाहीत. पण तोरणातून आत शिरून उजवा खांदा स्तूपाकडे ठेवून प्रदक्षिणेला लागले की ज्या दगडी कठड्याच्या आतून आपण चालतो, ती वेदिका मात्र अगदी साधी आहे. उभे स्तंभ, त्यांत ओवलेल्या आडव्या सूची, आणि वरून सगळ्यांना बांधून ठेवणारे उष्णीष, बस. तिच्यावर वेलबुट्टी नाही, यक्ष नाहीत, हत्ती नाहीत. दगडाच्या अंगावर जे काही कोरले आहे ते केवळ देणाऱ्यांचे नाव. कुणी एक सूची दिली, कुणी एक स्तंभ दिला, कुणी उष्णीषाचा एक तुकडा दिला. देणाऱ्यांत भिक्षू आहेत, भिक्षुणी आहेत, गृहपती आहेत, श्रेष्ठी आहेत, आणि स्त्रियांची संख्या तर मन भरून यावे इतकी मोठी आहे. अशा शेकडो लहान दानांचे दगड एकमेकांत अडकवून ते महान वर्तुळ पुरे झाले. एक सूची काढून घेतली तर तिथे भगदाड दिसेल. दानाचा पहिला पदर माझ्या मते हा आहे: ते एकट्याने पुरे होत नाही, आणि म्हणूनच त्यात कुणाचेही दान लहान ठरत नाही.

भोगवर्धनापासून सांची चारशे किलोमीटरांहून दूर. बैलगाडीच्या, तांड्यांच्या त्या काळात सातपुडा आणि विंध्य ओलांडून, नर्मदा उतरून तिथवर जाणे म्हणजे घरच्यांचा निरोप घेऊनच निघणे. दाता स्वतः गेलेला असो वा एखाद्या व्यापारी तांड्याबरोबर त्याने धन पाठवलेले असो, आपण दिलेल्या दगडाच्या सावलीत बसण्याचे सुख त्याच्या वाट्याला रोज येणार नव्हते. आपल्या गावच्या पारासाठी द्यावे, आपल्या आडासाठी द्यावे, हे सहज समजते; त्यात दिलेले पुन्हा आपल्याच उपयोगी पडते. ज्या वास्तूचा उपयोग दुसऱ्याच प्रदेशातले, दुसऱ्याच शतकातले लोक करणार, तिला द्यायचे म्हणजे देणे आणि सोडणे या दोन क्रिया एकच व्हाव्या लागतात. बौद्ध परंपरेने दहा पारमितांत दानाला पहिले स्थान दिले ते याच कारणाने असावे, कारण पुढे जे जे सोडायचे आहे त्याचा हाताला पहिला सराव दानातच होतो. ज्या मुठीला पैसा सुटत नाही, तिला क्रोध कसा सुटावा आणि अहंकार कसा सुटावा?

इथे एक शंका सरळ समोर येते. इतकेच निर्मळ दान होते, तर नाव कशाला कोरले? या हाताचे त्या हाताला कळू नये असे आपण म्हणतो, आणि हे तर दगडावर कोरून ठेवतात! पण आपल्याकडच्या कुठल्याही विहारात वा मंदिरात मान वर करून पाहा. छताच्या पंख्याच्या पात्यावर तैलरंगात नाव असते आणि खाली लिहिलेले असते, ‘यांजकडून सप्रेम भेट’. समाजाच्या जेवणावळीची मोठी पातेली, भिंतीवरचे घड्याळ, दाराशी ठेवलेले बाक, सगळीकडे तीच अक्षरे. पुष्कळदा ते नाव देणाऱ्याचे नसतेच. वारलेल्या आईचे, वडिलांचे, अकाली गेलेल्या लेकराचे असते. ते नाव मिरवावे म्हणून लिहिलेले नसते, संघाच्या सान्निध्यात राहावे म्हणून लिहिलेले असते. सांचीच्या लेखांतही पदव्यांचा थाट नाही, पराक्रमाची वर्णने नाहीत, आणि बहुतेक ठिकाणी फळाची मागणीसुद्धा नाही. नाव आहे, गाव आहे आणि दान आहे. गावाचे नाव घातल्यामुळे त्या दानात गावही सामील झाले. भोगवर्धनाची माती, तिथला बाजार, तिथल्या बायाबापड्या, सगळेच त्या एका ओळीत सांचीला पोहोचले. नावाने दान डागाळते की उजळते, हे त्या नावामागे मागणी उभी आहे की समर्पण, यावर ठरते.

अंगुत्तर निकायात भगवंतांनी दात्याची तीन अंगे सांगितली आहेत: देण्यापूर्वी त्याचे मन आनंदित असते, देताना प्रसन्न असते, आणि देऊन झाल्यावर तृप्त असते. मला या तिन्हींत तिसरे अंग सर्वांत अवघड वाटते. देण्याआधी उत्साह असतो, देताना चार माणसे भोवती असतात. दिल्यानंतर एकांतात, घरात चणचण भासू लागल्यावर, ‘दिले ते बरे केले’ असे ज्याला मनापासून वाटते त्याचेच दान पूर्ण झाले. मराठवाड्यातल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. पाऊस दडी मारतो, सोयाबीन हातचे जाते, कापसाला भाव मिळत नाही, आणि तरीही वर्षावासात भंतेजींच्या भोजनदानाची पाळी कुणी चुकवत नाही; विहाराच्या पावतीपुस्तकात ‘धम्मदान’ या शब्दापुढे पन्नास-शंभराचा आकडा पडतच राहतो. त्या आकड्यामागे केवढे पोटाला चिमटे असतात, ते देणाऱ्यालाच ठाऊक.

आता ‘दान’ या शब्दाने जगाला काय दिले ते पाहा. सांचीचे लेख ज्या ब्राह्मी लिपीत आहेत, ती वाचण्याची विद्या आपल्या देशात शतकानुशतके लोपली होती. अशोकाचे स्तंभ उभे होते, शिलालेख उघड्यावर होते, आणि ते काय बोलतात हे एकाही विद्वानाला उमगत नव्हते. 1837 साली कोलकात्याच्या जेम्स प्रिन्सेप यांच्या हाती सांचीच्या या छोट्या लेखांचे ठसे आले. त्यांनी पाहिले की लेख वेगवेगळे असले तरी बहुतेकांचा शेवट त्याच दोन अक्षरांनी होतो. स्तूपापाशी इतकी माणसे इतक्या वेळा एकच गोष्ट काय लिहीत असतील? दानच असणार, असे त्यांनी अनुमान केले. त्या दोन अक्षरांतून ‘द’ आणि ‘न’ हाती लागले, आणि बघता बघता सगळी वर्णमाला उलगडली. पुढे दिल्लीच्या स्तंभावरचा प्रियदर्शी राजा, म्हणजे अशोक, बोलू लागला. सम्राटाच्या आज्ञांना कुलूप होते, आणि त्याची किल्ली एक-एक सूची देणाऱ्या सामान्य माणसांच्या हातात होती. एकाच राजाचा एकच भव्य लेख असता तर हे घडले नसते. अनेकांनी एकच शब्द पुन्हा पुन्हा लिहिला म्हणून घडले. दान पुढे कुणाच्या, कशा उपयोगी पडेल, हे देणाऱ्याला कधीच कळत नाही, याचा याहून मोठा दाखला मला दुसरा सापडलेला नाही.

धनाच्या दानाशेजारी श्रमाचे आणि कौशल्याचे दानही सांचीला दिसते. दक्षिण तोरणावर राजा सातकर्णीच्या कारागिरांच्या प्रमुखाचे, आनंदाचे, दान नोंदलेले आहे, आणि त्याच तोरणावरचे रूपकाम विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी केल्याचा लेख आहे. 1973 साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी भोकरदनला उत्खनन केले तेव्हा तिथेही हस्तिदंतात कोरलेली स्त्रीमूर्ती मिळाली, आणि इटलीत इ.स. 79 मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईतल्या हस्तिदंती मूर्तीशी तिचे साम्य अभ्यासकांनी दाखवून दिले. मूर्ती विकली जात होती, समुद्रापार जात होती, नगरात धन येत होते. पण त्या धनाचा काही अंश सांचीकडे वळला आणि तोच भाग आज भोगवर्धनाचे नाव सांगतो.

धनही नाही आणि कौशल्यही नाही, त्याने काय द्यावे? याचे उत्तरही अंगुत्तर निकायातच आहे. तिथे पंचशीलाच्या पालनाला महादान म्हटले आहे, कारण जो हिंसा टाकतो तो असंख्य प्राण्यांना अभय देतो, आणि चोरी, व्यभिचार, असत्य, मद्य यांपासून दूर राहणाराही तेच देतो. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला ज्या लाखोंनी बाबासाहेबांसमवेत धम्म स्वीकारला, त्यांतल्या बहुतेकांपाशी देण्यासारखे धन कुठे होते? तरी त्या दिवशी त्यांनी हे महादान दिले, आणि आपल्या गावोगावच्या विहारांत त्रिशरणानंतर पंचशील म्हणणारा प्रत्येक जण ते रोज देऊ शकतो.

दान हा शब्द देशाच्या सीमेपाशी अडत नाही. व्हिएतनामच्या हनोई शहरात पश्चिम सरोवराच्या काठी त्रान कुओक नावाचा प्राचीन पॅगोडा आहे. त्याची परंपरा सहाव्या शतकापर्यंत मागे जाते. त्याच्या अंगणातला बोधिवृक्ष 1959 साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी भारताच्या वतीने दिलेला आहे, बोधगयेच्या वृक्षाचा वंशज. याच राजेंद्रप्रसादांच्या हस्ते 1951 साली बाबासाहेबांच्या मिलिंद महाविद्यालयाची कोनशिला बसली होती, आणि जालन्याच्या खेड्यापाड्यांतली कितीतरी मुले तिथेच शिकून मोठी झाली. वृक्षदान, विद्यादान. व्हिएतनाममधल्या पॅगोडांच्या आवारांतही दात्यांच्या नावांच्या शिला उभ्या असतात.

म्हणून भोकरदन परिसरातल्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. शाळेची सहल एकदा सांचीला न्या, आणि जाण्यापूर्वी मुलांना ब्राह्मीतली ‘दानं’ ही दोन अक्षरे फळ्यावर गिरवायला शिकवा. ‘न’ तर अगदीच सोपा आहे: आडव्या रेघेवर मधोमध एक उभी रेघ, आणि बाजूला अनुस्वाराचा ठिपका. तेवढे ओळखू आले की वेदिकेवरचे कितीतरी लेख कुठे संपतात हे मुलांना आपले आपण कळेल, आणि त्यांतल्या काही लेखांत त्यांच्याच गावाचे नाव आहे, हेही त्यांना तिथेच, त्या दगडांपाशी उभे राहून सांगा.