कोणत्या सालची गाडी?

आमच्या धर्मग्रामातील एका घराच्या मागील अंगणात, पत्र्याच्या शेडखाली, एक मोटारगाडी चाळीसहून अधिक वर्षे पडून होती. मोतीबागच्या रेल्वे कारखान्यातून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ गेली चार वर्षे तिला पुन्हा उभी करीत आहेत. त्यांच्या अनुमतीने, आणि त्यांचे नाव न देता, आम्ही हे लिहीत आहोत. कारण त्यांनी आम्हांला विचारलेल्या एका प्रश्नाचे आम्ही दिलेले उत्तर चुकले, असे आता वाटते.

गाडी एम.जी. कंपनीची, टी.सी. जातीची. दोन माणसांची, उघडी, तारांच्या चाकांची. इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे १९४५ ते १९४९ या काळात अशा सुमारे दहा हजार गाड्या तयार झाल्या. ही १९४७ची. मँगनीजच्या खाणीवरील एक इंग्रज अभियंता मायदेशी परतताना ती या गृहस्थांच्या वडिलांना विकून गेला. तिची पहिली नोंदणी झाली तेव्हा नागपूर मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होते. १९५०मध्ये ते मध्य प्रदेशाची राजधानी झाले, १९५६मध्ये मुंबई राज्यात गेले आणि १९६०मध्ये महाराष्ट्रात आले. गाडी त्याच अंगणात, राज्ये मात्र बदलत राहिली. तरी या शहराला कोणी ‘हे तेच नागपूर का?’ असे विचारीत नाही.

या गाडीच्या पत्र्याच्या आत लाकडी सांगाडा असतो. मूळचे लाकूड ॲश नावाच्या विलायती झाडाचे. ते वाळवीने असे खाल्ले होते की दार उघडताच बिजागरी हातात आली. त्यांनी आलापल्लीचे सागवान आणून सांगाड्याचा एकेक तुकडा जुन्याच्या मापाने घडविला. इंजिनाचे नट-बोल्ट ही आणखी एक गंमत. मॉरिसने कॉव्हेंट्रीतील इंजिनांचा कारखाना हॉचकिस या फ्रेंच कंपनीकडून घेतला, तेव्हा यंत्रेही फ्रेंच मापाचीच आली. म्हणून बोल्टचे आटे मिलिमीटरचे, पण डोके इंग्रजी पान्याचे! त्यातही आठ मिलिमीटरच्या बोल्टच्या आट्यांतील अंतर एक मिलिमीटर. आपल्या बाजारात मिळणाऱ्या साध्या बोल्टचे सव्वा. म्हणजे तो बसतच नाही. गृहस्थांनी असे कितीतरी बोल्ट घरच्या लहान लेथवर स्वतः कातले. दुपारी कधी डोकावलो तर ते एकाच बोल्टवर तासभर वाकलेले दिसत, आणि आमच्याकडे न पाहताच म्हणत, “बसा फादर, चहा येतोय.”

अशाच एका दुपारी त्यांनी विचारले, “लाकूड नवे, आसने नवी, अर्धा पत्रा नवा. मग ही पप्पांचीच गाडी ना?”

सेमिनरीत शिकलेले तत्त्वज्ञान अशा वेळी फार लवकर आठवते. फळ्या बदलत गेलेले थीसियसचे जहाज आम्ही त्यांना सांगितले. राजा मिलिंदाला नागसेनाने विचारले होते, आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय; तेही सांगितले. दीक्षाभूमीच्या या शहरात तो संवाद सांगण्याची गरजही नव्हती, त्यांना तो आमच्यापेक्षा चांगला ठाऊक होता. संत ऑगस्टीनने देहाच्या पुनरुत्थानाविषयी लिहिताना वितळलेल्या पुतळ्याचा दाखला दिला आहे. त्याच धातूतून कारागीर पुतळा पुन्हा घडवीत असेल, तर कोणता कण आधी कोणत्या अवयवात होता याला महत्त्व नाही. मात्र मूळ धातू सर्व असावा. गृहस्थ हसले. “आमचा धातू वाळवीच्या पोटात गेला, फादर.”

शेवटी आम्ही लंडनच्या उच्च न्यायालयाचा १९९०चा एक निकाल सांगितला. ‘ओल्ड नंबर वन’ नावाची बेंटले गाडी १९२९ व १९३० अशी दोन वर्षे फ्रान्समधील ल मांची शर्यत जिंकली होती. पुढे तिची इतकी डागडुजी झाली, एका प्राणघातक अपघातानंतर ती इतकी नव्याने बांधली गेली, की एक कोटी पौंडांना ती घेण्याचा करार केलेल्यांनी ‘ही ती नव्हेच’ म्हणून पैसे देण्यास नकार दिला. न्यायमूर्ती ऑटन यांनी ती तीच ठरविली. मूळचे भाग फार थोडे उरले होते, हे त्यांना मान्य होते. पण तिचा इतिहास कोठे तुटलेला नाही, असे त्यांनी पाहिले. गृहस्थांना हा निकाल फार आवडला. आम्हांलाही स्वतःचे कौतुक वाटले.

मग रंग खरवडण्याचे काम आले. वरचा थर मळकट क्रीम रंगाचा होता, खाली गर्द हिरवा. हिरवा वडिलांच्या वेळचा. क्रीम रंग थोरल्या भावाने, वडील गेल्यावर दिलेला. पुढे घराच्या वाटणीवरून दोघा भावांचे बिनसले, थोरले कामठीला जाऊन राहिले, आणि गाडी शेडखाली गेली ती गेलीच. “क्रीम काढून पप्पांचा हिरवा देतो,” ते म्हणाले, “बरोबर ना?” आम्ही ‘बरोबर’ म्हणालो. मूळ रूपाला परत नेणे, यात गैर ते काय?

घरी परतताना मात्र तोच निकाल आमच्या अंगावर आला. गाडीचे गाडीपण तिच्या अखंड इतिहासात असेल, तर त्या इतिहासात क्रीम रंग आहे, थोरला भाऊ आहे, आणि ती चाळीस वर्षेही आहेत. वडिलांच्या सालापर्यंत मागे जाऊन तेथेच थांबायचे, तर मधली वर्षे कोणाची? कोणत्या सालची गाडी उभी करावयाची हे ठरविताना कोणाचा काळ पुसावयाचा हेही आपण ठरवीत असतो. आणि पुसणारा हात भांडणातील एका पक्षाचा होता. त्या हाताला आम्ही होकार दिला होता.

ही तात्त्विक अडचण तशीच राहिली असती. पण केंद्र सरकारने २०२१मध्ये पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. तिच्या नियमांत म्हटले आहे की गाडी मूळ रूपात असावी, चासी, सांगाडा वा इंजिन यांत फेरफार करणारी मोठी दुरुस्ती झालेली नसावी. (सागवानाचे काय, हे अधिकारी ठरवतील, थीसियसचे जहाज अखेर आर.टी.ओ.च्या दारात येऊन लागले आहे.) आधी नोंदलेल्या गाडीसाठी जुने नोंदणी-पुस्तकही लागते. ते पुस्तक कामठीला होते.

तीन महिने गृहस्थांनी तो विषय काढला नाही. कार्ब्युरेटर दोनदा उघडून बसविला. नंतर एका रविवारी मिस्सा संपल्यावर म्हणाले, “फादर, तुम्ही बरोबर याल का?”

आम्ही गेलो. थोरल्यांचे वय ऐंशीच्या घरात. पाणी आले, चहा आला, नागपूरच्या उन्हाविषयी बोलणे झाले. पुस्तकाचे नाव निघताच ते उठले आणि आतून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले पुस्तक घेऊन आले. जणू ते हाताशीच ठेवलेले होते. पहिल्या पानावर त्या इंग्रजाचे नाव, खाली वडिलांचे, त्याखाली त्यांचे स्वतःचे. धाकट्याचे नाव त्यात कोठेच नव्हते. थोरल्यांनी पुस्तक त्याच्या हाती दिले आणि विचारले, “रंग कोणता देतोस?”

धाकट्याने आमच्याकडे पाहिले. आम्ही खाली पाहिले. तो म्हणाला, “दादा, तू आधी येऊन पाहून जा.”

थोरल्यांचे गुडघे दुखतात. थंडी ओसरल्यावर येईन म्हणाले आहेत. गाडी शेडखालीच आहे. डावे दार क्रीम, बाकीची खरवडून हिरवी, आणि त्या दाराला अद्याप कोणी हात लावलेला नाही.