खोटा मिसकॉल

मधल्या सुट्टीत एका सहकाऱ्यांनी स्टाफरूममध्ये नोकिया ११०० आणला. कपाट आवरताना सापडलेला. रबरी बटणं, वर इवलीशी बॅटरी, मागे रबरबँडने बांधलेलं झाकण. तो हातोहात फिरला आणि आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो. कुणाला सापाचा खेळ आठवला, कुणाला लोडशेडिंगच्या अंधारात त्या बॅटरीवर केलेला अभ्यास. शेवटी सर्वानुमते ठरलं की ते दिवस चांगले होते, तेव्हा माणसं एकमेकांवर विश्वास ठेवत. आम्हीही मान डोलावली. पण शहापूरहून मुरबाडला घरी परतताना ते वाक्य सलायला लागलं.

भारतात पहिला मोबाइल फोन झाला १९९५ साली, कोलकात्याहून दिल्लीला. ज्योती बसू आणि सुखराम यांच्यात. तेव्हा येणाऱ्या फोनलाही पैसे पडत. आमच्या तालुक्यांना त्याचं काय! तानसा आणि भातशाचं पाणी मुंबईला आमच्याकडून जातं, पण मुंबईची रेंज आमच्याकडे यायला बरीच वर्षं लागली. २००३ साली इनकमिंग फुकट झालं, त्याच वर्षी हा ११०० बाजारात आला, आणि मग भाजीवाला, रिक्षावाला, टेम्पोवाला अशा सगळ्यांच्या खिशात फोन दिसू लागला. मेसेज रोमन लिपीत लिहायचा. इंग्रजीत १६० अक्षरं मावत, उर्दूत किंवा मराठीत फक्त ७०. शिवाय समोरच्याच्या फोनवर चौकोनच उमटण्याची भीती. त्यामुळे ईदच्या मुबारकबादीला आणि दिवाळीच्या शुभेच्छांना एकच लिपी लाभली. आता उर्दू शिकवताना त्याचं हसू येतं. सणाच्या दिवशी मात्र मेसेजचं पॅक चालत नसे, त्यामुळे त्या शुभेच्छा आदल्या दिवशीच पोचत.

पण आमची खरी लिपी होती मिसकॉल.

अब्बा टेम्पो चालवायचे. मुरबाडहून माळशेज घाट चढून ओतूर, जुन्नरकडे माल न्यायचा आणि तिकडून भाजी घेऊन यायची. घरात ठरलेलं होतं की घाट पार झाला की एक रिंग द्यायची आणि कापायची. दोन वेळा रिंग आली तर काहीतरी अडचण आहे, समोरच्या किराणा दुकानातून परत फोन लावायचा. आपण फोन उचलायचा नाही, हा सर्वांत कडक नियम. धाकट्या भावाने एकदा हौसेने उचलला तर एक रुपया गेला म्हणून त्याला चांगलीच बोलणी बसली. शाळेत कुणी मोठ्या मुलांनी विचारलं होतं, की कंपनीची तार वापरायची आणि पैसे द्यायचे नाहीत, ही चोरी नाही का? (तार नव्हतीच, पण प्रश्न बरोबर होता.) आमच्याकडे उत्तर नव्हतं. आजही मोठंसं नाही; एवढंच वाटतं की गरिबाने दारावर टकटक केली म्हणून घरभाडं मागू नये.

२००६ च्या पावसाळ्यातली रात्र. दुपारपासून पाऊस थांबला नव्हता. आदल्याच वर्षीची २६ जुलै सगळ्यांच्या मनात ताजी होती. अम्मी फोन उशाशी घेऊन बसली होती. साडेदहाला एक रिंग वाजली आणि बंद झाली. अम्मीने शुक्र मानला, दिवा मालवला, आम्ही झोपलो.

अब्बा दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आले, रिकामा न केलेला टेम्पो घेऊन. घाटात दरड आली होती. त्यांनी घाट चढलाच नव्हता. रात्रभर ते टोकावड्याला टेम्पोतच होते आणि ती रिंग तिथूनच दिली होती.

अम्मी त्यांना जेवायला वाढेपर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुम्ही खोटं बोललात."

अब्बा म्हणाले, "मी बोललोच कुठे?"

आम्ही पोरं हसलो. अम्मी हसली नाही. तेव्हा आम्हाला अब्बांचं पटलं होतं. त्यांनी एक शब्द उच्चारला नव्हता. वर त्यांचा हेतू स्वच्छ होता. दोन रिंगा दिल्या असत्या तर अम्मी रात्रभर तळमळली असती आणि त्याने दरड काही हटली नसती. पण खोटं बोलायला शब्द लागतातच असं कुठे आहे? रिंगला स्वतःचा अर्थ नव्हता, तो दोघांनी मिळून दिला होता. जे दोघांनी मिळून ठरवलं ते एकाने एकट्याने बदललं. अम्मीचं म्हणणं याहून साधं होतं. ती म्हणाली, "दरड तुमच्यावर आली असती तर मी घोरत असते. काळजी करायचा माझा हक्क तुम्ही का घेतला?"

एवढ्या वर्षांनी आम्ही अम्मीच्या बाजूला आलो आहोत, तरी पूर्ण नाही. त्या रात्री ती झोपली, ही अब्बांची माया खोटी नव्हती.

आता लोकेशन पाठवता येतं, व्हिडिओ कॉल करता येतो. तसा मिसकॉल आज कुणी द्यायला जाईल तर पकडला जाईल. फोन खरं बोलायला भाग पाडतो. विश्वास ठेवायची वेळच येत नाही. म्हणून जुन्या फोनमुळे माणसं विश्वासू होती असं आम्ही म्हणतो तेव्हा अर्धंच सांगतो. विश्वासाला जागा होती तेवढीच फसवणुकीलाही होती. आणि दुसरं म्हणजे, तो फोन सगळ्यांसाठी जुना झालेलाच नाही. २०२० साली शाळा बंद पडल्या, धडे व्हॉट्सॲपवर जायला लागले, तेव्हा आमच्या वर्गातल्या काही घरांत बटणांचाच फोन होता. ती मुलं मिसकॉल द्यायची, आम्ही उलट फोन करून धडा वाचून दाखवायचो. रोज नाही. काही संध्याकाळी दमलेल्या डोळ्यांनी स्क्रीनवर आकडा पाहिला आणि "पोचलं असेल" असं स्वतःला समजावलं. तिथे रिंग खरी होती, खोटा अर्थ आम्ही लावला.

त्या पावसाळ्यानंतर आमच्या घरातला नियम बदलला. घाटाची रिंग आली की अम्मी पहिल्याच ठोक्याला फोन उचलायची. "कुठे आहात?" एवढंच विचारायची, अब्बा गावाचं नाव सांगायचे आणि फोन बंद. दर खेपेला अब्बांचा एक रुपया जायचा. त्याबद्दल ते कधी एक शब्द बोलले नाहीत.