सर्वांसाठी, अनेकांसाठी, काहींसाठी

इंग्लंडच्या वायव्येला असलेल्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये शेताशेतांतून दगडी गडगे गेलेले आहेत, अगदी आपल्या कोकणातल्यासारखे. मेंढरं बाहेर पडू नयेत पण माणसाला पलीकडे जाता यावं, म्हणून गडग्याला दोन्ही अंगांनी पायऱ्या केलेल्या असतात. चढायचं, पाय पलीकडे टाकायचा, उतरायचं. धडधाकट माणसाला त्यात काही वाटत नाही. गुडघे गेलेली बाई, बाबागाडी ढकलणारा बाप आणि व्हीलचेअरवरचा माणूस मात्र मेंढरांबरोबर अलीकडेच राहतात.

तिथल्या राष्ट्रीय उद्यानाने या पायऱ्या, म्हणजे ‘स्टाइल्स’, टाळून जाणाऱ्या पन्नासच्या आसपास वाटा तयार केल्या आहेत. ‘माइल्स विदाउट स्टाइल्स’ हे त्यांचं नाव. बऱ्याचशा तळ्यांच्या काठाने किंवा लगतच्या खेड्यांकडे जातात. पण मला कौतुक वाटतं ते त्यांच्या वर्गवारीचं. एक वाट ‘सर्वांसाठी’, दुसरी ‘अनेकांसाठी’, तिसरी ‘काहींसाठी’. ‘सर्वांसाठी’ असेल तर चढ दहास एकपेक्षा जास्त नाही आणि पायाखाली डांबर किंवा दाबून बसवलेली खडी, तीही दहा मिलिमीटरच्या आतली. ‘अनेकांसाठी’ असेल तर चढ तेवढाच, पण मध्ये ओबडधोबड दगड येऊ शकतात. खुर्ची ढकलणारं कुणीतरी बरोबर हवं. ‘काहींसाठी’ म्हणजे चढ आठास एकपर्यंत. दंडात बळ आणि मनात भरवसा असेल तर या, तरी मदत लागू शकेल.

‘काहींसाठी’ असं छापायला सरकारी खात्याला धाडस लागतं. आपल्याकडे कुठलंही खातं स्वतःच्या कामाला असा शब्द लावणार नाही. आपलं सगळं सर्वांसाठीच असतं, निदान उद्घाटनाच्या फलकावर. पण खडीचा आकार आणि चढाचं माप आधी कळलं, की जायचं की नाही हे ज्याचं तो ठरवतो. ते सांगितलं नाही, तर घरातलेच ठरवतात, ‘तुला नाही जमायचं, तू बस घरी.’ दयेपेक्षा मापाची पट्टी अधिक सन्मान देते, असं माझं मत झालं आहे.

या मुलुखातलं केझिक हे गाव डरवेंटवॉटर तळ्याच्या काठी आहे. नौकाघाटापासून थोड्याच अंतरावर फ्रायर्स क्रॅग नावाचा सुळका पाण्यात घुसलेला आहे. जॉन रस्किन या विचारवंताने आपल्या आयुष्यातली पहिली आठवण म्हणून याच सुळक्याचा उल्लेख केला. तिथे १९०० साली उभारलेला त्याचा स्मृतिस्तंभ आहे. लहानग्या रस्किनला तिथवर दाईने नेलं होतं. तळ्याचं पहिलं दर्शन बहुतेकांना दुसऱ्याच्या आधारानेच होतं. पुढे आपण ते विसरतो, एवढंच.

याच गावात १८८७ साली पायवाटांसाठी मोठं भांडण झालं. शेजारच्या पोर्टिन्स्केल खेड्याजवळच्या फॉ पार्क इस्टेटीतली वाट आणि लॅट्रिग टेकडीवर जाणारी वाट जमीनमालकांनी बंद केली. गावाचं पायवाट रक्षण मंडळ होतं आणि कॅनन रॉन्स्ली हे पाद्री त्याचे अध्यक्ष. मंडळाने अडथळे उखडले. १ ऑक्टोबरला सुमारे दोन हजार माणसं लॅट्रिग चढून गेली. प्रकरण कोर्टात गेलं, तडजोड झाली आणि टेकडीच्या माथ्याची वाट लोकांना मिळाली. पुढे १८९५ मध्ये नॅशनल ट्रस्ट स्थापन करणाऱ्या तिघांत हेच रॉन्स्ली होते. १९०२ मध्ये याच तळ्याच्या पश्चिम काठावरचं ब्रँडलहाऊ हे रान ट्रस्टने लोकवर्गणीतून विकत घेतलं.

लढा मोठाच होता. पण तो मालकांच्या कुलपाविरुद्ध होता; कुलूप निघाल्यावरही कुणाला आत जाता येणार नाही, हा प्रश्न तेव्हा कुणी मांडल्याचं दिसत नाही. तो यायला आणखी शंभर वर्षं लागली, आणि आला तेव्हा अडवणारे मालक नव्हते, निसर्गप्रेमी होते. केझिकहून थ्रेलकेल्ड या खेड्याकडे १९७२ साली बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरून एक वाट जाते. डिसेंबर २०१५ च्या डेस्मंड वादळात तिच्यावरचे पूल वाहून गेले. दुरुस्ती करताना वाटेवर डांबर घालायचं ठरलं आणि वाद पेटला. डांबराने रानाचं रानपण जातं, असं विरोधकांचं म्हणणं. डिसेंबर २०२० मध्ये वाट खुली झाली ती डांबरासकट. एकेकाळी जिच्यावरून आगगाड्या धावल्या, त्या वाटेचं रानपण डांबराने बिघडेल ही भीती मला काही पटत नाही. ज्यांना खरं रान हवं त्यांना भोवतालचे सगळे डोंगर मोकळे आहेत; खुर्चीतल्या माणसाला तीन मैलांची ही एक पट्टी आहे.

मात्र याचा अर्थ दिसेल त्या तळ्याला काँक्रीटचा पट्टा बांधा, असा नाही. तो उद्योग आपल्याकडे जोरात आहे. पवई तलावात भराव टाकून होत असलेला सायकल आणि जॉगिंग ट्रॅक मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवला आणि काढायला लावला. योग्यच झालं. काठापासून मागे सरून, बारीक खडीवर किंवा मुरमावर रोलर नीट फिरवला, तरी बऱ्याच खुर्च्या आरामात जातात. सुगम वाटेच्या नावावर पाणथळ बुजवणाऱ्यांना खुर्चीतल्या माणसाचं नावही घेऊ देऊ नये.

आपल्याकडे मेंढरांची जागा मोटारसायकलींनी घेतली आहे. त्या आत येऊ नयेत म्हणून तलावाकाठच्या बागेला फिरकीचं फाटक किंवा जवळजवळ रोवलेले लोखंडी खांब असतात. परवा अशाच एका फाटकाशी पाहिलं. आजींना खुर्चीतून उठवून नातवाने कठड्याला टेकवलं, खुर्ची घडी करून डोक्यावरून पलीकडे नेली, मग आजींना हाताला धरून आडवं-आडवं आत घेतलं. “राहू दे रे, इथूनच दिसतंय तळं,” आजी तीनदा म्हणाल्या. शेजारच्या तुटलेल्या कुंपणातून दोन स्कूटर आत येऊन उभ्या होत्याच.

आपल्या निकषांत उताराचं माप बारास एक आहे. म्हणजे तीन पायऱ्यांच्या दीड फूट उंचीला अठरा फूट लांब उतार. आपण तो पाच फुटांत उरकतो. त्यावरून खुर्ची नव्हे, फार तर सिमेंटची गोणी घसरवता येईल. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे. सुगम्यतेचे निकष नुसते मार्गदर्शक ठेवून भागणार नाही, सक्तीचे किमान नियम करा, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी खटल्यात केंद्राला बजावलं.

तेव्हा आपल्या गावच्या तळ्यावर पुढच्या वेळी जाल तेव्हा टेप घेऊन जा. फाटकाची रुंदी आणि उताराची लांबी मोजा आणि आकड्यांनिशी नगरपालिकेला अर्ज द्या. दाद लागली नाही, तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय पुण्यात आहे. अर्ज देण्यासाठी स्वतः खुर्चीत बसलेलं असण्याची गरज नाही.